नागपूरच्या काळ्या मातीत लाल बोहिनिया: उन्हाळ्यापेक्षा पावसाळा सांभाळा

घरासमोर कंपाउंडची लांब भिंत बोडकी उभी आहे आणि तिथे दिवसभर ऊन पडतं, काय लावू, असं कोणी विचारलं की मी डोळे झाकून एकच नाव सांगते, लाल बोहिनिया. नर्सरीत रेड बोहिनिया म्हणून मागा, जाणकार माणूस असेल तर बोहिनिया गाल्पिनी म्हटलं की त्याला लगेच कळतं. आपल्या कांचनाचा आणि आपट्याचा हा आफ्रिकेतला भाऊ, शेंगवर्गातलाच, पान तर इतकं आपट्यासारखं की दसऱ्याच्या दिवशी गेटबाहेर आलेल्या फांद्यांवर लक्ष ठेवावं लागतं, लोक सोनं समजून ओरबाडून नेतात. पण फूल एकदम वेगळं. विटकरी लाल, कधी नारिंगीकडे झुकणारं, पाच पाकळ्या आणि प्रत्येक पाकळी देठाजवळ काडीसारखी बारीक आणि टोकाला चमच्यासारखी पसरट, कडा थोड्या चुरगळलेल्या. मधून तीन पुंकेसर बाहेर येतात. पावसाळ्यात सुरू झालं की दिवाळीपर्यंत चालतं, आणि फुलपाखरं जी येतात ती बघत बसावं.

मूळचं हे दक्षिण आफ्रिकेच्या पूर्वेकडचं, एस्वाटिनी, झिम्बाब्वे, मोझांबिक या पट्ट्यातलं. गाल्पिन नावाचे एक बँकवाले होते, दक्षिण आफ्रिकेतल्या बार्बरटन भागात बँकेची नोकरी सांभाळून रानात झाडं गोळा करायचे, त्यांचं नाव या झाडाला १८९१ मध्ये मिळालं. हे सांगायचं कारण असं की तिथलं हवामान नीट समजून घेतलं की नागपुरात याला काय पाहिजे ते आपोआप कळतं. तिकडेही पाऊस गरमीच्या दिवसात आणि हिवाळा कोरडा, म्हणजे बराचसा आपल्यासारखाच. फरक दोन. एक म्हणजे तिकडचा कोरडा काळ थंडीचा असतो आणि आपला कोरडा काळ ४५ डिग्रीचा. दुसरा, आणि हा जास्त महत्त्वाचा, तिकडे हे झाड उताराच्या, दगडधोंड्याच्या, पाणी न थांबणाऱ्या जमिनीत वाढतं, आणि आपल्याकडे आहे काळी चिकण माती.

म्हणून मी परत परत सांगते की नागपूरचं ऊन याला मारत नाही, नागपूरचा ऑगस्ट मारतो. सलग आठ दिवस झड लागली की काळ्या मातीतलं पाणी हलतच नाही, मुळं गुदमरतात, पानं खालून पिवळी पडून गळतात, आणि लोकांना वाटतं पाणी कमी पडून राहिलं की काय, मग पाऊस थांबल्याबरोबर ते आणखी पाणी देतात. तिथेच झाड संपतं. नर्सरीवाले पण सर्रास सांगतात "ताई, रोज पाणी टाका", त्यांच्या छोट्या पिशवीतल्या रोपाला ते बरोबर असतं, जमिनीत लावल्यावर अजिबात नाही.

तर आधी जागा तपासा. दोन फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट खोल खड्डा करा आणि त्यात दोन बादल्या पाणी ओता. दुसऱ्या दिवशी सकाळी खड्ड्यात पाणी दिसलं तर तिथे सपाट जमिनीत लावायचंच नाही. खड्डा बुजवा आणि त्यावर दीड फूट उंच, चारेक फूट रुंद उंचवटा करून त्याच्या डोक्यावर रोप लावा. उंचवट्यासाठी दोन भाग तुमची माती, दोन भाग मुरूम, एक भाग जाड रेती आणि एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत, हे मिश्रण मला सगळ्यात भरवशाचं वाटतं. मुरूम बांधकामाच्या साइटवर सहज मिळतो, फक्त त्यात सिमेंटचा मलबा मिसळलेला नाही ना बघा, कारण आपली माती आधीच चुनखडीची आणि सिमेंटने ती आणखी बिघडते. सोबत दोन मुठी निंबोळी पेंड टाका, उधईसाठी, म्हणजे वाळवी लागू नये म्हणून. नवीन लेआउटमध्ये घर असेल तर उधई असणारच असं धरून चाला.

लावायची वेळ. सगळे मृगात लावतात, मी म्हणते घाई करू नका. उंचवटा नीट झाला असेल तर जुलैमध्ये लावा, नाहीतर सरळ सप्टेंबरच्या शेवटी लावा, मोठा पाऊस निघून गेलेला असतो, माती ओली असते आणि थंडीपर्यंत मुळं बसतात. ऊन मात्र कमीत कमी सहा तास पाहिजे. सावलीत हे झाड जगतं, हिरवंगार पण होतं, पण फुलत नाही, मग "फुलंच येत नाही हो" म्हणून फोन करू नका. दोन झाडांत दहा फुटांचं अंतर ठेवा कारण हे उंच दहाएक फूट जातं पण आडवं त्याहूनही जास्त पसरतं, फांद्या कमानीसारख्या वाकतात. काटे नसतात त्यामुळे गेटजवळ, लहान मुलं खेळतात तिथे पण चालतं. कमानीवर चढवायचं असेल तर कोवळ्या फांद्या सुतळीने सैल बांधत जायच्या, जून झाल्या की वाकत नाहीत, मोडतात.

पहिला उन्हाळा तेवढा सांभाळावा लागतो. एप्रिलच्या मध्यापासून नवतपा, म्हणजे मेच्या शेवटचे ते नऊ तापलेले दिवस, संपेपर्यंत ५० टक्के सावलीची हिरवी नेट वरून आणि पश्चिमेकडून लावा. बुडाशी चार बोटं जाडीचं सोयाबीनचं कुटार, म्हणजे मळणीनंतर उरलेला भुसा, पसरा, वावर असलेल्या कोणाकडेही मिळेल, नाहीतर वाळलेला पाला, पण खोडापासून वीतभर लांब ठेवा नाहीतर उधईला आयती वाट. एक दिवसाआड सकाळी आठ-दहा लिटर पाणी पुरतं. आणि एक खास आपल्या गावची गोष्ट, कूलरच्या टाकीतलं उरलेलं पाणी झाडांना घालायची सवय असते ना, ते याला घालू नका. पाणी उडून उडून टाकीत क्षार साचतात, बोअरचं पाणी असेल तर विचारूच नका, टाकीच्या कडेला जो पांढरा थर दिसतो तोच मुळांशी जाऊन बसतो.

दुसऱ्या वर्षापासून याचे लाड बंद. उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा भरपूर पाणी, बाकी काही नाही. दुपारी पानं घडी घातल्यासारखी मिटलेली दिसतील, घाबरू नका, सकाळी परत उघडलेली असतात. सकाळीही मिटलेलीच राहिली तर मात्र पाणी द्या. आपले संत्रेवाले बहरासाठी बागेला ताण देतात, झाड सुकवतात आणि मग पाणी सोडतात, तसंच काहीसं इथे समजा, मे महिन्यात थोडं तहानलेलं राहिलेलं झाड पावसाबरोबर जी नवीन फूट काढतं तीच फुलांनी लदते. बारा महिने ड्रिप चालू असलेल्या बंगल्यांमध्ये याची नुसती पानंच पानं दिसतात.

खताचंही तेच. युरिया, डीएपी नको. जूनच्या सुरुवातीला एक घमेलं शेणखत आणि दोन मुठी निंबोळी पेंड, बस. आता कोणी म्हणेल शेंगवर्गातलं झाड आहे तर ते हवेतला नायट्रोजन स्वतःच घेत असेल, तूर-हरभऱ्यासारखं, पण बोहिनियाच्या मुळांवर सहसा तशा गाठी येत नाहीत, त्यामुळे शेणखत वर्षातून एकदा द्यायलाच पाहिजे. चुलीची राख टाकू नका, लोक पोटॅश म्हणून टाकतात पण चुनखडीच्या मातीत राखेने त्रास वाढतो.

तो त्रास म्हणजे लोहाची कमतरता, नागपुरात या झाडाचं सगळ्यात जास्त दिसणारं दुखणं. ओळखायचं कसं तर नवीन, शेंड्याची पानं बघा. पान पिवळं, पण शिरा हिरव्यागार, जाळी काढल्यासारख्या, तर लोह कमी पडतंय. खालची जुनी पानं पिवळी होत असतील तर तो पाणी साचल्याचा किंवा नायट्रोजनचा प्रकार, दोन्हीत गल्लत करू नका, उपाय उलटे आहेत. लोहासाठी कृषी केंद्रातून हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, आणा, एक लिटर पाण्यात ५ ग्रॅम हिराकस आणि चिमूटभर लिंबूसत विरघळवून संध्याकाळी पानांवर फवारा, पंधरा दिवसांनी परत एकदा. खाली टाइल्स असतील तर आधी पोतं अंथरा, गंजाचे डाग पडतात आणि ते जाता जात नाहीत.

कीड फार नाही. पावसाळ्याच्या शेवटी शेंड्यांवर मावा, कधी पांढरा मिलीबग, सकाळी पाण्याचा जोरदार फवारा मारला तरी बराच जातो, नाहीतर निंबोळी तेल ५ मिली एका लिटरला, थोडं साबणाचं पाणी टाकून. एप्रिल-मेमध्ये पानं धुळकट, निस्तेज दिसली तर पानांमागे लाल कोळी ही बारीक कीड असते, त्यालाही तोच उपाय, फक्त ऊन उतरल्यावर.

टेरेसवर लावायचं असेल तर १८ ते २० इंचाची कुंडी किंवा तेवढीच ग्रो बॅग घ्या, खाली भोकं मोकळी पाहिजेत आणि कुंडी विटांवर उचलून ठेवा. मे महिन्यात स्लॅब इतका तापतो की मुळं भाजून निघतात, काळ्या प्लास्टिकच्या कुंडीत तर जास्तच, त्यामुळे बाहेरून पांढरा चुना मारा किंवा पोतं गुंडाळा. कुंडीतल्या झाडाला उन्हाळ्यात रोज पाणी लागतं, हा जमिनीतल्या झाडापेक्षा मोठा फरक.

थंडीची फार काळजी नको. २०१८ च्या डिसेंबरात नागपूर ३.५ डिग्रीपर्यंत उतरलं होतं, तशा कडाक्यात पानं झडतात, फांद्यांचे शेंडे काळे पडतात. झाड मेलं म्हणून उपटायला जाऊ नका, नखाने साल खरवडून बघा, आत हिरवं असेल तर फेब्रुवारी-मार्चमध्ये फुटतं. छाटणी पण तेव्हाच करायची, फेब्रुवारीत, कारण फुलं नवीन फांदीवर येतात. सगळ्यात जुन्या, जाड फांद्यांपैकी एक तृतीयांश बुडापासून काढा, बाकीच्यांचे शेंडे खुडा. जूनमध्ये छाटलं तर त्या वर्षीची फुलं गेलीच समजा. काढलेल्या फांद्या फेकू नका, चिवट असतात, तिकडे आफ्रिकेत यांच्या टोपल्या विणतात, आपल्याला टमाटरच्या रोपांना आधार द्यायला कामी येतात.

रोपं वाढवायची तर बी सगळ्यात सोपं. शेंगा कडक, लाकडासारख्या, आणि वाळल्या की उन्हात कडाड आवाज करून तडकतात, दोन फाका पिळ घेऊन वेगळ्या होतात आणि बी अंगणभर उडतं. म्हणून शेंग तपकिरी व्हायला लागली की तिच्यावर जुन्या मच्छरदाणीच्या कापडाची पिशवी बांधून ठेवा. चपट्या गडद बिया मिळतील. नेलकटरने बीच्या कडेला छोटीशी खाच पाडा, जिथून बी शेंगेला चिकटलेलं होतं ती बाजू सोडून, आणि रात्रभर कोमट पाण्यात भिजवा. सकाळी फुगलेल्या बिया अर्धा इंच खोल पेरा, मार्चच्या सुरुवातीला पेरलं तर आठवडा-दोन आठवड्यात उगवतात. फुलं यायला दोन-तीन वर्षं लागतात. ज्यांना घाई आहे त्यांनी पावसाळ्यात दाब कलम करावं, जमिनीलगतची फांदी घ्या, खालच्या बाजूने साल थोडी खरवडा, मातीत दाबून वर वीट ठेवा आणि दिवाळीपर्यंत हात लावू नका. नंतर हळूच ओढून बघा, जाम बसलेली वाटली तर मुळं आली, मूळ झाडापासून कापा पण उचला मात्र फेब्रुवारीत, थंडी गेल्यावर.