पाऊस लागायच्या आत हॉप्सच्या वेलीचं बूड मोकळं करा

पुढचे काही दिवस ढगाळ हवा आणि सलग पावसाचा अंदाज असेल आणि तुमची वेल दोरीवर पुरुषभर उंच गेली असेल, तर आज बाकीची कामं बाजूला ठेवा. कात्री घ्या, वेलीच्या बुडाशी बसा आणि खालची दोन-अडीच फुटांपर्यंतची सगळी पानं काढून टाका. जमिनीतून नव्याने निघालेले धुमारेही काढा. खत, फवारणी, दोऱ्या ताणणं, सगळं त्यानंतर.

दर हंगामात हेच सांगतो आणि दर हंगामात तेच उत्तर ऐकतो: "वेल इतकी हिरवीगार दिसतेय, कशाला हात लावायचा?" घरच्या बिअरसाठी लावलेल्या वेली हौसेच्या असतात. मोजकीच झाडं असतात, त्यामुळे एकेक पान तोडताना जिवावर येतं. मग बुडात झुडूप माजतं, आठवडाभर रिपरिप होते आणि शंकू, म्हणजे बिअरला कडवटपणा आणि वास देणारी मादी वेलीची फुलं, भरायच्या वेळी तपकिरी पडून हातात येतात. खत कमी पडलं म्हणून वेल गेली, असं मी फारसं पाहिलेलं नाही. बुडातल्या गर्दीने मांडवच्या मांडव गेलेले मात्र पाहिलेत.

रोगाचं नाव डाऊनी, म्हणजेच केवडा. बुरशी स्यूडोपेरोनोस्पोरा ह्युम्युली. जपानमध्ये १९०५ साली हॉप्सवर तिची पहिली नोंद झाली आणि १९२० पर्यंत ती इंग्लंडपर्यंत पोचली होती. ही बुरशी वेलीच्या झोपेच्या काळात, म्हणजे वाढ थांबलेली असताना, कंदात आणि न फुटलेल्या डोळ्यांत दबा धरून बसते. म्हणजे शेजारच्या बागेतून वारा आला म्हणून रोग आला, असं दर वेळी नसतं. बऱ्याचदा तो तुमच्याच बुडख्यातून वर निघतो.

रोगट डोळ्यातून आलेला कोंब एकदा पाहिलात की विसरणार नाही. पेरं आखूड, पानं एकावर एक दाटलेली, कडा खाली वळलेल्या, रंग फिकट पिवळसर. निरोगी कोंब वाकवला तर लवतो, हा कट्कन मोडतो. सकाळी दव असताना त्याचं पान उलटं करून पाहा. राखाडी-जांभळट काजळी दिसेल, बोटाला लागेल. तेच बीजाणू. रात्रीच्या दमट हवेत ते तयार होतात, सकाळी सुटतात. हवा १५ ते २१ अंशांच्या आसपास असली आणि पान काही तास ओलं राहिलं, की नवी लागण झालीच म्हणून समजा. बुडात गर्दी असली तर वरची पानं सकाळी वाळून जातात, खालची दुपारपर्यंत ओली राहतात. बुरशीला आणखी काय हवं?

तिथून रोग पायऱ्या चढतो. आधी खालच्या पानांवर शिरांनी अडवलेले कोनाकार डाग, मग शेंडा. लागण झालेला शेंडा दोरी सोडतो आणि लोंबायला लागतो. वाऱ्याने सुटला समजून लोक तो परत गुंडाळतात. गुंडाळायच्या आधी पेरं मोजा. आखूड असतील तर निरोगी पेरापर्यंत कापा आणि खालची चांगली बगलफूट दोरीवर चढवा. शेवटी फुलं सुकतात, शंकूंच्या पाकळ्या तपकिरी होतात. त्या टप्प्यावर कुठलंही औषध शंकू परत हिरवा करत नाही.

आता काढायचं कसं. कोरड्या दिवशी, दव वाळल्यावर. पानं ओरबाडू नका, वेलीची साल सोलवटते. देठ कात्रीने कापा किंवा खाली न ओढता बाजूला मोडा. दोरीवर दोन ते तीन वेली ठेवा, बाकीचे धुमारे जमिनीलगत छाटा. रोगट कोंब दिसला तर जमिनीखालून, कंदाच्या जोडापासून काढा आणि कात्री स्पिरिटने पुसून मगच दुसऱ्या झाडाला लावा. काढलेला पाला तिथेच आच्छादन म्हणून पसरू नका. पिशवीत भरून बाहेर न्या, जाळा किंवा खोल पुरा. आणि हे एकदाच करून भागत नाही: दर दहा-बारा दिवसांनी बुडात नवे धुमारे येतात, फुलं लागेपर्यंत ते काढत राहायचे.

किती उंचीपर्यंत काढायचं, याला माझा एक अंदाज आहे, पुस्तकात सापडणार नाही. सकाळी ऊन वर आल्यावर वेलीच्या बुडाशी हात घाला. पानाची खालची बाजू ओलसर लागली तर आणखी एक पेर मोकळं करा. हात कोरडा बाहेर आला की थांबा.

अपवाद एकच, पहिल्या वर्षाची वेल. तिला मुळं धरायला पानं हवीत. तिची फक्त जमिनीला टेकणारी, वीतभर उंचीपर्यंतची पानं काढा. पहिल्या वर्षी शंकू थोडेच येतात, त्याचं वाईट वाटून घेऊ नका. बुडखा नीट सांभाळला तर तीच वेल पुढे वीस वर्षंही पीक देते.

दुकानात जायच्या आधी

शंकू मोठे करणारी बाटली, लुप्युलिन (शंकूतली कडवट, वासाची पिवळी पूड) वाढवणारं टॉनिक, मुळांसाठी काळं द्रावण, असं काही ना काही विक्रेता काढून देतोच. पैसे जपून ठेवा. शंकूतलं लुप्युलिन ठरतं वाणावर, उन्हावर आणि दिवसाच्या लांबीवर. व्यापारी लागवड साधारण ३५ ते ५५ अक्षांशांच्या पट्ट्यात आहे ती उगीच नाही. तिथे उन्हाळ्यात दिवस १५-१६ तासांचा होतो, वेल आधी उंच जाते आणि दिवस आखडायला लागल्यावर फुलते. लहान दिवसांच्या प्रदेशात वेल बुटकी असतानाच फुलायला लागते. त्यावर उपाय संध्याकाळी दिवा लावून दिवस लांबवण्याचा आहे, बाटलीचा नाही.

नत्राचंही तसंच. वाढीच्या सुरुवातीला वेल खूप नत्र खाते, तेव्हा कुजलेलं शेणखत किंवा कंपोस्ट सढळ हाताने द्या. फुलं दिसायला लागली की नत्र बंद. उशिरा दिलेल्या युरियाने पानं काळीभोर होतात, बघणारा खूश होतो, आणि त्या लुसलुशीत पाल्यावर मावा, कोळी, भुरी, डाऊनी सगळे पंगतीला बसतात.

पैसा घालायचाच असेल तर रोपावर घाला. ओळखीच्या मांडवातून फुकट आणलेला कंद डाऊनी आणि विषाणू दोन्ही घरी आणतो. कंद आडवा कापून पाहा: आतला गर पांढरा हवा. लालसर-तपकिरी किंवा काळ्या रेषा दिसल्या तर तो लावू नका. रोप मादी वेलीचंच घ्या, शंकू तिलाच लागतात. नर जवळ असला तर शंकूत बी धरतं. ओलाव्याच्या जागी कास्केडसारखा वाण बरा. अमेरिकेत १९७२ साली आलेला हा वाण डाऊनीला बऱ्यापैकी तोंड देतो. क्लस्टरसारखा जुना वाण अशा जागी लावून पश्चात्ताप करू नका.

फवारणी

बूड मोकळं केल्यावरच. दाट पाल्यावर मारलेलं औषध बाहेरच्या पानावर बसतं, रोग आत असतो.

पाऊस लागायच्या आधी, प्रतिबंधक म्हणून: कॉपर ऑक्सिक्लोराइड ५० टक्के, २५ ग्रॅम १० लिटर पाण्यात. किंवा १ टक्का बोर्डो: १०० ग्रॅम मोरचूद आणि १०० ग्रॅम कळीचा चुना, १० लिटर पाण्यात. दोन्ही वेगवेगळं, प्लॅस्टिकच्या बादलीत विरघळवा आणि मोरचूद चुन्यात ओता, उलट नाही. घासलेलं लोखंडी पातं मिनिटभर बुडवा. त्यावर तांबूस थर आला तर चुना कमी पडलाय, आणखी घाला. केलेलं मिश्रण त्याच दिवशी संपवा. मला घरच्या वेलींसाठी बोर्डो पुरेसा वाटतो.

लागण दिसल्यावर: फोसेटिल ॲल्युमिनियम, २ ते २.५ ग्रॅम प्रति लिटर. तांब्याच्या औषधात मिसळू नका, पानं करपतात. मेटॅलॅक्झिलचा एकसारखा मारा करू नका. हॉप्स पिकवणाऱ्या अनेक प्रदेशांत ही बुरशी त्याला दाद देत नाही. लेबलवर या पिकाचा उल्लेख आहे का आणि काढणीआधी किती दिवस थांबायचं, ते वाचा. शंकू धुऊन बिअरमध्ये जात नाहीत, थेट उकळत्या काढ्यात जातात. तांबं जास्त झालं तर यीस्टलाही त्रास होतो. म्हणून शंकू धरल्यावर माझ्या मते फवारणी नकोच.

भुरीला, म्हणजे पानावर पांढरी पूड दिसल्यास, पाण्यात मिसळणारं गंधक ८० टक्के, २ ग्रॅम प्रति लिटर. भर उन्हात किंवा ३० अंशांवर मारू नका. फुलं लागली की गंधकही बंद, वास शंकूत राहतो.

पाऊस उघडून ऊन तापलं की लाल कोळी येतो. पानांवर बारीक ठिपके, मग तांबूस छटा, मागे जाळी. तोही खालच्याच पानांवरून चढतो. बूड मोकळं केलेल्या मांडवात तो उशिरा आणि कमी दिसतो. पानामागे पाण्याचा जोरदार फवारा द्या, तोही सकाळी लवकर, म्हणजे पान दिवसा वाळेल. मावा शेंड्याजवळ असतो. लेडीबर्ड भुंगेरे दिसत असतील तर चार दिवस थांबा. ते नसतील तर कडुनिंबाचं तेल ५ मिली प्रति लिटर, साबणाच्या पाण्यात फेटून, शंकू धरायच्या आधी. मावा शंकूत शिरला तर त्याच्या चिकट्यावर काळी बुरशी येते आणि तो शंकू बिअरच्या कामाचा राहत नाही.

बाकी कामं

- ऊन: रोज ६ ते ८ तास.
- माती: निचऱ्याची, सामू ६ ते ७.५.
- अंतर: एकाच वाणात ३ फूट, दोन वाणांत ५-६ फूट.
- दोरी: काथ्याची, खरबरीत, नायलॉनवर पकड बसत नाही.
- वळण: घड्याळाच्या काट्याच्या दिशेने.
- उंची: १५ ते २० फूट, जागा नसेल तर आडव्या तारेवर वळवा.
- पाणी: ठिबकने, बुडाशी, वाफसा टिकेल इतकं. पानांवर नको.
- हातमोजे आणि पूर्ण बाह्या. वेलीच्या आकड्यांनी अंगावर चट्टे येतात.

काढणी

तारखेवर जाऊ नका. शंकू दाबा. कच्चा शंकू दबलेलाच राहतो, ओलसर लागतो. तयार शंकू कागदासारखा खुसखुसतो आणि बोट काढलं की परत फुगतो. मधोमध चिरा: पाकळ्यांच्या बुडाशी गडद पिवळी पूड हवी, फिकट नको. बोटांवर चोळा, चिकट लागली आणि गवताऐवजी वाणाचा स्वतःचा वास आला की तोडा. टोकाच्या दोन-चार पाकळ्या तपकिरी झाल्या तर घाबरू नका, ते पक्वतेचं लक्षण आहे. पण सगळा शंकू पट्ट्यापट्ट्यांनी तपकिरी असेल आणि चुरला तरी वास येत नसेल, तर तो डाऊनीचा आहे आणि त्याचं मूळ दोन महिन्यांपूर्वी न काढलेल्या पानांत आहे.

ताज्या शंकूत ७५ ते ८० टक्के पाणी असतं. जाळीवर पातळ पसरा, सावलीत, पंख्याच्या वाऱ्यावर. ड्रायर वापरलात तर ५० अंशांच्या आत ठेवा, जास्त उष्णतेत सुगंधी तेलं उडून जातात. पाकळ्या लवकर वाळतात आणि फसवतात. मधली काडी वाकवून बघा: लवली तर अजून ओल आहे, तुटली तर झालं. साधारण ८ ते १० टक्के ओलावा राहायला हवा. चार-साडेचार किलो ओल्याचं किलोभर वाळलेलं होतं, त्यामुळे ढीग पाहून बाटल्यांचा हिशेब करू नका. हवा काढलेल्या पिशवीत, फ्रीझरमध्ये ठेवा. ऊब आणि हवा लागलेल्या जुन्या हॉप्सला शिळ्या चीजसारखा वास येतो.

घरच्या शंकूंतलं अल्फा आम्ल, म्हणजे कडवटपणा देणारा घटक, किती ते प्रयोगशाळेशिवाय कळत नाही. कास्केडचं ४.५ ते ७ टक्के छापलेलं असतं, पण तुमच्या वेलीने ते वाचलेलं नसतं. तासभर उकळून कडवटपणा आणायचं काम आकडा माहीत असलेल्या विकतच्या हॉप्सवर सोपवा. घरचे शंकू उकळी संपतानाच्या पाच-दहा मिनिटांत किंवा आंबवण झाल्यावर वासासाठी घाला. ओलेच वापरायचे तर वाळलेल्याच्या चार-पाच पट घ्या, आणि तोडल्यापासून दिवसभराच्या आत.

घरात कुत्रा असेल तर ताजे, वाळलेले आणि उकळून उरलेले, सगळेच शंकू त्याच्या तोंडापासून दूर ठेवा. हॉप्स खाल्लेल्या कुत्र्याच्या अंगाचा ताप भराभर वाढतो आणि तो दगावू शकतो. चोथा उघड्या खड्ड्यात टाकू नका.

काढणीनंतर वेल लगेच जमिनीलगत कापू नका. दोन-तीन फूट ठेवा, तिच्यातला अन्नसाठा कंदात उतरू द्या. ती आपोआप वाळली की बुडातून कापा आणि सगळा पाला मांडवाबाहेर न्या. बुडख्याजवळ रोगट कोंब कुठल्या झाडाला आले होते, तिथे काडी रोवून ठेवा. पुढच्या हंगामात पहिले कोंब जमिनीबाहेर आले की आधी त्या काड्यांपाशी जा आणि पहिली फूट सगळी छाटून दुसऱ्या फुटीतून दोरीवर चढवायच्या वेली निवडा.