फॉरवर्ड करण्यापूर्वी तपासून पाहण्याची सवय विद्यार्थ्यांना कशी लावावी

ओटीपी कोणालाही सांगू नये, दुसऱ्याचा फोटो त्याला विचारल्याशिवाय टाकू नये आणि पैशांची ऑनलाइन फसवणूक झाल्यास तत्काळ १९३० वर फोन करावा, हे सातवी ते नववीच्या मुलांना एका तासात समजते. त्यावर अधिक वेळ घालवू नये.

कस लागतो तो आलेला संदेश तपासण्याच्या टप्प्यावर. ‘अफवांवर विश्वास ठेवू नका’ असे मी कित्येक वर्षे सांगत होतो आणि मुले मान डोलावत होती. मग एका संध्याकाळी वर्गाच्या ग्रुपवर मुले पळवणाऱ्या टोळीचा व्हिडिओ आला. पाठवणाऱ्या मुलाला दुसऱ्या दिवशी विचारले, तेव्हा तो म्हणाला, “सर, पण व्हिडिओ तर खरा आहे ना?” त्याला द्यायला माझ्याजवळ उत्तर नव्हते. म्हणून माझे ठाम मत आहे की ‘हे खरे की खोटे?’ हा प्रश्न वर्गात विचारूच नये. ‘हे कुठले, केव्हाचे आणि सोबतचा मजकूर कोणी लिहिला?’ असे विचारावे.

२०१८ मध्ये भारतभर फिरलेली एक चित्रफीत यासाठी उत्तम उदाहरण आहे. मोटरसायकलवरून आलेले दोघे रस्त्यावरच्या मुलाला उचलून नेतात, एवढेच तिच्यात दिसत असे. मूळ चित्रफीत कराचीतील बालसुरक्षेच्या जनजागृतीसाठी तयार केलेली होती; शेवटी ते दोघे मुलाला परत आणून सोडतात आणि संदेशाचा फलक दाखवतात, तो भागच कोणीतरी कापून टाकला होता. त्याच वर्षी १ जुलै रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळवणारे समजून जमावाने पाच जणांचा जीव घेतला. ते मंगळवेढ्याकडून आलेले, भिक्षेवर पोट भरणारे डवरी गोसावी होते. हे मुलांना स्पष्ट सांगावे. मात्र मारहाणीची दृश्ये कदापि दाखवू नयेत.

त्यानंतर प्रत्यक्ष सराव घ्यावा. व्हिडिओ थांबवून दुकानाच्या पाटीवरची लिपी, गाडीची नंबरप्लेट, पोलिसांचा गणवेश मुलांनाच शोधू द्यावा. थांबवलेल्या दृश्याचा स्क्रीनशॉट गूगल लेन्समध्ये (चित्रावरून शोध घेणाऱ्या साधनात) टाकून तेच दृश्य पूर्वी कुठे आले होते ते पाहावे. व्हॉट्सॲपच्या संदेशावर दोन बाण दिसले, तर तो अनेक हातांतून आलेला आहे, हे ओळखायला शिकवावे. ‘विश्वासू माणसाकडून आले असेल तर चालते’ हा सल्ला मात्र मुळीच देऊ नये, कारण असे संदेश बहुधा आपल्या काकांकडून किंवा मामांकडूनच येतात.

चूक झाल्यावर संदेश गुपचूप डिलीट करणे पुरेसे नाही, कारण ज्यांनी तो वाचला त्यांच्या मनात तो राहतोच. ज्या ग्रुपवर पाठवला, तिथेच दुरुस्ती लिहायला लावावी. माझ्या त्या विद्यार्थ्याने वहीत तीन वेळा खाडाखोड करून लिहिले: “काल मी पाठवलेला व्हिडिओ आपल्याकडचा नाही. मी न तपासता पाठवला. तुम्ही पुढे पाठवला असेल, तर तिथेही हे कळवा.”