जुना लेथ : वय ओळखण्यापासून पहिल्या कटापर्यंत

भंगाराच्या गोदामात किंवा बंद पडलेल्या वर्कशॉपच्या कोपऱ्यात जुना लेथ (धातूचा तुकडा फिरवत हत्याराने कापणारे यंत्र) मिळाला की पहिल्याच दिवशी पॉलिश पेपर आणि रंगाचा डबा आणण्याचा मोह होतो. तो आवरावा, कारण यंत्राचे वय आणि त्याची झीज सांगणाऱ्या खुणा याच गंजाखाली आणि जुन्या तेलाच्या थराखाली असतात व एकदा घासल्या गेल्या की परत मिळत नाहीत. येथे उदाहरण म्हणून अमेरिकेच्या इंडियाना राज्यातील साउथ बेंड कंपनीचा नऊ इंची लेथ घेतला आहे. जॉन आणि माइल्स ओब्रायन या जुळ्या भावांनी १९०६ साली ही कंपनी काढली. रचना साधी असल्यामुळे पहिल्या दुरुस्तीसाठी मला हा लेथ सर्वांत योग्य वाटतो. मात्र तपासण्याची हीच पद्धत १९४१ साली हरिहर येथे सुरू झालेल्या म्हैसूर किर्लोस्करच्या जुन्या लेथलाही बहुतांशी लागू पडते.

या लेथचा अनुक्रमांक बेडच्या (लांब बिडाच्या पायाच्या) उजव्या टोकाला, म्हणजे कामाच्या दुसऱ्या टोकाला आधार देणाऱ्या टेलस्टॉकच्या बाजूला, पुढचा व्ही मार्ग (हत्याराची गाडी ज्यावरून सरकते ती उलट्या व्ही आकाराची पट्टी) आणि त्याच्या आतला सपाट मार्ग यांच्यामधल्या जागेवर ठोकलेला असतो. ती जागा रॉकेलात भिजवलेल्या चिंधीने पुसावी, वर पातळ कागद धरून पेन्सिल आडवी फिरवावी, म्हणजे पुसट अंकही उमटतात. तेथे पॉलिश पेपर लावू नये. हा क्रमांक फक्त बेडचे वय सांगतो हेही लक्षात ठेवावे, कारण सत्तर-ऐंशी वर्षांत हेडस्टॉक (काम फिरवणारा डावीकडचा भाग) किंवा एप्रन (हत्याराच्या गाडीची पुढची पेटी) दुसऱ्या यंत्राचे बसवलेले असू शकते.

त्यानंतर पाट्या वाचाव्यात. पाटीवर पेटंट क्रमांक असतील तर त्यांतला सर्वांत मोठा घ्यावा. अमेरिकेत १९४० सालचा पहिला पेटंट क्रमांक २१,८५,१७० होता आणि १९५० सालचा २४,९२,९४४. तेव्हा पाटीवरचा क्रमांक पहिल्यापेक्षा मोठा असेल तर ती पाटी १९४० च्या आधीची असू शकत नाही. काही यंत्रांवर ‘वॉर प्रॉडक्शन बोर्ड’ या दुसऱ्या महायुद्धातील अमेरिकी सरकारी मंडळाचा उल्लेख असलेली पितळी पाटी आढळते. हे मंडळ जानेवारी १९४२ ते नोव्हेंबर १९४५ एवढेच अस्तित्वात होते, त्यामुळे ती एक पाटी काळ चार वर्षांच्या आत आणून ठेवते. असली पाटी कधीही काढून विकू नये.

प्रकारही ओळखावा. ‘ए’ प्रकाराला झटपट बदलाची गिअरपेटी असते, ‘बी’ला ती नसते पण क्रॉस स्लाइडला (हत्यार आडवे सरकवणाऱ्या भागाला) यांत्रिक फीड, म्हणजे आपोआप सरकण्याची सोय, असते, आणि ‘सी’ला दोन्ही नसतात. ‘सी’मध्ये साधे टर्निंगसुद्धा (गोल घासकाम) हाफ नट (दोन अर्ध्यांचा नट) लीड स्क्रूवर, म्हणजे गाडी सरकवणाऱ्या लांब आट्यांच्या दांड्यावर, धरूनच होत असल्याने त्या दांड्याचे हेडस्टॉकजवळचे आटे लवकर झिजतात. तेथे दर इंचाला ८ आटे असतात. चकाजवळचा (चक म्हणजे काम पकडणारा जबड्यांचा भाग) एक आटा आणि टोकाकडचा न वापरलेला एक आटा शेजारी पाहिल्यासारखे ताडून पाहावेत, झिजलेला आटा धारेकडे पातळ दिसतो.

खोलण्याआधी मापे घ्यावीत. कॅरेज, म्हणजे हत्याराची गाडी, चकाजवळ असताना गिब (तिची ढिलाई घालवणारी पट्टी) नीट बसेपर्यंत आवळावी आणि कॅरेज टेलस्टॉककडे सरकवत न्यावी. वाटेत ती अडकली तर चकाजवळची झीज किती आहे ते हातालाच कळते. कारखान्यात स्क्रेपरने काढलेल्या बारीक चंद्रकोरी कोठे शाबूत आहेत आणि कोठे पुसल्या आहेत, तेही टिपून ठेवावे. स्पिंडलसाठी (चक फिरवणाऱ्या दांड्यासाठी) चकात फूटभराचा जाड बार धरून, चकावर डायल गेज (बारीक हालचाल काट्याने दाखवणारे मापक) लावून बार वर उचलावा. काटा एका थाऊच्या, म्हणजे इंचाच्या हजाराव्या भागाच्या, आसपास हलला तर घाबरण्याचे कारण नाही.

चक न सुटणे ही नेहमीची अडचण आहे. अशा वेळी बॅक गिअर (वेग कमी करणारी दातेरी चाके) अडकवून स्पिंडल जाम करणे आणि चकावर हातोडा मारणे ही सवय घातक आहे, कारण बिडाचे दाते तुटतात. माझ्याकडे आलेल्या लेथचे तीन दाते आधीच्या हातांनी असेच मोडले होते. मोडलेल्या जागी पितळ भरून, एकेक दाता कानशीने घासून बसवायला दोन आठवडे गेले. त्याऐवजी दीड इंची आट्यांवर भेदक तेल सोडून रात्रभर थांबावे, पुलीला पट्ट्याने घट्ट धरावे आणि जबड्यांत आडवा लाकडी ठोकळा धरून झटका द्यावा.

स्पिंडल काढण्यापूर्वी तेलाच्या भोकांतून बारीक तार घालून आतल्या स्प्रिंगवरच्या फेल्टच्या वाती खाली दाबून धराव्यात. परत बसवतानाही हीच तार लागते, नाहीतर वाती चेपतात आणि बेअरिंग कोरडे पडते. टेपर (निमुळत्या) पिना नेहमी बारीक टोकाकडून ठोकाव्यात.

सफाईला रॉकेल आणि सपाट धरलेले पाते पुरे. बेडवर एमरी (घासायचा खरखरीत कागद) वापरू नये, कारण तिचे कण बिडात रुततात आणि पुढे कॅरेज घासत राहतात. जुन्या रंगात शिसे असू शकते, म्हणून तो कोरडा घासून धूळ उडवू नये, ओला करून खरवडावा.

या लेथमध्ये स्पिंडल थेट बिडाच्या भोकात फिरते आणि हेडस्टॉकच्या बोल्टने आवळल्या जाणाऱ्या फटीत पापुद्रे सुटणाऱ्या शिम (पातळ पत्र्याच्या पट्ट्या) असतात. ढिलाई जास्त असेल तर एका वेळी एकच पापुद्रा काढून पुन्हा डायल लावावा. शिम न ठेवता बोल्ट आवळला तर हेडस्टॉक तडकते. वाती नव्या घालाव्यात. स्पिंडलला आयएसओ २२ दर्जाचे पातळ तेल आणि मार्गांना ६८ दर्जाचे स्लाइडवे तेल द्यावे. गाडीचे इंजिन ऑइल टाळावे, त्यातील द्रव्ये घाण तळाशी बसू देत नाहीत. मूळ मोटर ६० सायकलच्या (हर्ट्झच्या) विजेची असेल तर आपल्याकडच्या ५० सायकलवर वेग सहाव्या भागाने कमी पडतो. म्हणून २३० व्होल्टची, मिनिटाला १४४० फेऱ्यांची नवी मोटर घेऊन पुलीचा व्यास त्या हिशेबाने ठेवावा.

शेवटी लेथ टेबलावर बसवून स्पिरिट लेव्हल बेडच्या दोन्ही टोकांना आडवी ठेवावी. मग चकाबाहेर सुमारे दहा इंच निघेल असा इंचभर जाडीचा बार टेलस्टॉकच्या आधाराविना धरून त्याच्या दोन टोकांना दोन कडी ठेवावीत आणि एकाच सेटिंगवर दोन्हींवर अगदी हलका कट घ्यावा. टोकाकडचे कडे जाड आले तर टेलस्टॉककडच्या पुढच्या पायाखाली पातळ शिम सरकवावी, बारीक आले तर मागच्या पायाखाली, आणि मायक्रोमीटर दोन्ही कड्यांवर सारखेच माप दाखवीपर्यंत हे चालू ठेवावे. रंगाचा डबा त्यानंतर उघडावा.