शहरातून एका दिवसाचा ट्रेक: बेत आखायचा तो परतीच्या वेळेपासून

शहराबाहेर एक दिवस डोंगरात घालवायचा म्हटलं की चर्चा सुरू होते ती कुठे जायचं यावरून. फोटो पाहिले जातात, ग्रुपवर तारीख ठरते आणि ‘सकाळी लवकर निघू’ एवढ्यावर बेत पक्का होतो. माझा आग्रह असा, की सगळ्यात आधी संध्याकाळची वेळ ठरवा. पायथ्याशी किती वाजता परत आलेलं असायचं, ते आधी कागदावर लिहा आणि बाकीचा दिवस तिथून मागे मोजत या. डोंगरातले कितीतरी घोटाळे साध्या उशिरातून सुरू होतात. उशीर झाला की माणूस घाईने उतरतो, शॉर्टकट शोधतो आणि अंधार पडायच्या सुमारास नेमका वाट चुकतो.

पहिली पायरी: संध्याकाळची वेळ

ज्या दिवशी जायचं त्या दिवसाचा सूर्यास्त पाहा आणि त्यातून दोन तास वजा करा. ही तुमची पायथ्याशी पोचायची वेळ. दोन तास जास्त वाटतील, पण दाट झाडीत आणि अरुंद दरीत सूर्यास्ताच्या बऱ्याच आधी उजेड जातो. शिवाय एखाद्याचा पाय मुरगळला तर याच दोन तासांवर निभावून न्यायचं असतं. बसने किंवा ट्रेनने येणार असाल तर वेळापत्रकही पाहा. शेवटच्या गाडीच्या आधीची गाडी आपली, असं धरून चाला.

दुसरी पायरी: वेळेचं गणित

विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने 1892 साली एक साधा नियम मांडला, तो आजही जगभर वापरला जातो. दर 5 किलोमीटर अंतराला एक तास, आणि दर 600 मीटर चढाईला वरून आणखी एक तास. हा नियम सराव असलेल्या माणसासाठी आहे आणि त्यात विश्रांती धरलेली नाही. नवख्या मंडळींनी येणाऱ्या उत्तराची दीडपट करावी.

समजा, त्याच वाटेने जाऊन-येऊन 14 किलोमीटर अंतर आणि 900 मीटर चढाई आहे. वर जाताना 7 किलोमीटरचे साधारण 1 तास 25 मिनिटं आणि चढाईचा दीड तास, म्हणजे तीन तासांना थोडं कमी. त्याची दीडपट 4 तास 20 मिनिटं. उतरताना फक्त अंतर मोजायचं, त्याचे दीडपटीने 2 तास 5 मिनिटं. वर डबा खायला, जरा टेकायला पाऊण तास. एकूण 7 तास 10 मिनिटं. सूर्यास्त सव्वासहाचा असेल तर सव्वाचारला खाली यायचं, म्हणजे नऊच्या ठोक्याला चालायला सुरुवात व्हायला हवी. शहरातून पायथ्यापर्यंत दोन तास लागत असतील तर पाऊण तास हाताशी ठेवून घरातून निघायची वेळ सव्वासहा. रहदारी, चहा आणि उशिरा येणारा एक मित्र या सगळ्यांची सोय त्या पाऊण तासात झाली.

याच गणितातून आणखी एक वेळ मिळते, माझ्या मते दिवसातली सगळ्यात महत्त्वाची: परत फिरायची वेळ. आपल्या उदाहरणात ती दुपारी दोन. दोन वाजले की जिथे असाल तिथून मागे वळायचं, माथा समोर दिसत असला तरी. ही वेळ घरी बसून ठरवा आणि सगळ्यांकडून कबूल करून घ्या. माथा हाकेच्या अंतरावर आला की कुणीही ‘अजून दहाच मिनिटं’ म्हणतो, आणि तिथे वाद घालण्यात अर्थ नसतो.

गणित दिवसात बसत नसेल तर वाट बदला, वेळा ताणू नका. नकाशावर समोच्च रेषा (कंटूर), म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, पाहायची सवय लावा. रेषा जितक्या जवळजवळ तितका चढ उभा. अंतर कमी पण रेषांची गर्दी, अशी वाट नवख्यांची दमछाक करते.

तिसरी पायरी: मागे एकाला सांगून जाणं

सोबत न येणाऱ्या एका भरवशाच्या माणसाला आदल्या रात्री मेसेज करा. ‘ट्रेकला चाललोय’ एवढ्याने काम होत नाही. मेसेज असा हवा: ‘आम्ही चौघं, अमुक डोंगर, पूर्वेच्या वाटेने चढणार आणि त्याच वाटेने उतरणार. गाडी पायथ्याच्या देवळापाशी. सव्वाचारपर्यंत खाली. साडेसातपर्यंत माझा फोन आला नाही तर आधी आम्हाला लाव, लागला नाही तर मदत बोलाव.’ कुणाला फोन करायचा तो स्थानिक नंबरही त्यातच लिहा. शोधपथकाला नेमकी वाट ठाऊक असली तर शोधायचा टापू एकदम लहान होतो.

चौथी पायरी: सॅक

पाण्याचा अंदाज माणशी तासाला अर्धा लिटर धरा, उन्हाळ्यात जास्त. आपल्या सात तासांच्या उदाहरणात साडेतीन लिटर झालं, ते वजन खांद्याला जाणवतं, पण वाटेत पाणी मिळेल या भरवशावर ते कमी करू नका.

दिवसाचा ट्रेक असला तरी हेडटॉर्च प्रत्येकाकडे हवा. फोनचा टॉर्च त्यात मोजू नका, कारण फोन हा तुमचा नकाशा आहे. नकाशा घरूनच डाउनलोड करून घ्या. जीपीएस उपग्रहांचे सिग्नल घेतं, त्याला मोबाइल नेटवर्क लागत नाही, त्यामुळे फोन एअरप्लेन मोडवर ठेवूनही आपण कुठे आहोत ते दिसतं. रेंज शोधण्यात बॅटरी संपते, ती वाचते.

दर 1000 मीटर उंचीला तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं, त्यात वारा आणि घाम. म्हणून एक गरम थर आणि एक पाऊस-वारा अडवणारं जाकीट. अंगात सुती कपडा नको, तो भिजला की वाळत नाही. शिट्टी, क्रेप बँडेज, चिकटपट्टी, ओआरएस, रोजची औषधं आणि कचऱ्यासाठी एक पिशवी. एवढं पुरे.

पाचवी पायरी: चालणं

सगळ्यात हळू चालणाऱ्याला पुढे ठेवा. बोलता बोलता पूर्ण वाक्य उच्चारता येतंय, इतकाच वेग. टाचेला किंवा करंगळीला जरा चुरचुरलं की तिथेच थांबा, बूट काढा, त्वचा कोरडी करा आणि चिकटपट्टी लावा. ‘वर जाऊन बघू’ म्हणाल तर वर फोड बघाल. उतार सुरू होण्याआधी नाडी पुन्हा बांधा: घोट्यापाशी घट्ट, म्हणजे पाय बुटात पुढे सरकत नाही आणि नखं वाचतात. नखं आदल्या दिवशी कापलेली असावीत.

आकाश आणि पाणी

वीज चमकल्यापासून 30 सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला तर वादळ साधारण 10 किलोमीटरच्या आत आहे. माथा, कड्याची धार आणि एकटं झाड सोडून लगेच खाली या, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास वर जाऊ नका.

ओढ्याचं पाणी तुमच्या डोक्यावर पाऊस नसतानाही वाढू शकतं, कारण पाऊस वरच्या अंगाला पडत असतो. पाणी अचानक गढूळ झालं, काटक्या-पाला वाहून येऊ लागला, आवाज बदलला, की काठ सोडून उंचावर जा. जोराचं पाणी गुडघ्याच्या वर असेल तर ओलांडू नका. थांबणं किंवा दुसरी वाट घेणं, हे दोनच पर्याय.

वाट चुकली तर

पाऊलवाट विरत चालली असं वाटलं की थांबा, बसा, पाणी प्या. मग शेवटच्या खात्रीच्या जागेपर्यंत आल्या वाटेने मागे जा. ओढ्याच्या कडेने उतरत गेलं की गाव लागेल, हा समज फार धोक्याचा आहे, कारण ओढे कड्यावरून खाली उडी घेतात. मागची जागाही सापडत नसेल तर उजेडातच एक आडोसा पाहून तिथे थांबा, सगळे एकत्र. मदतीची खूण म्हणजे मिनिटाला सहा शिट्ट्या, मग एक मिनिट शांतता, पुन्हा सहा. अंधारात हेच टॉर्चने.

दोरी किंवा होडी असेल तर

प्रस्तरारोहण, राफ्टिंग, कयाकिंग यांत वरचा स्वावलंबीपणा चालत नाही. प्रशिक्षक हवाच, पण आपली सामग्री आपणही तपासावी. लाइफ जॅकेटचे पट्टे आवळल्यावर कुणाला तरी खांद्यापाशी धरून वर ओढायला सांगा. ते कानापर्यंत सरकलं तर सैल आहे. चढाईआधी जोडीदाराने तुमचं आणि तुम्ही जोडीदाराचं पाहायचं: हार्नेसचं (कमरेला बांधायच्या पट्ट्यांचं) बक्कल, दोरीला मारलेली आठाच्या आकाराची गाठ, कॅराबिनरचं (दोर अडकवायच्या धातूच्या कडीचं) कुलूप. डोळ्यांनी पाहा आणि बोटाने दाबूनही पाहा. सुरक्षेच्या सूचना न देता थेट पाण्यात उतरवणाऱ्यांकडे पैसे भरले असले तरी परत फिरा.

खाली आल्यावर

रेंज आली की ज्याला सांगून निघालात त्याला लगेच कळवा. मग गाडीतच या तीन वेळांची नोंद करा: चालायला कधी सुरुवात केली, माथ्यावर कधी पोचलो, पायथ्याशी कधी आलो. एकूण वेळेतून बसून घालवलेला वेळ वजा करा आणि उरलेल्याला नेस्मिथच्या उत्तराने भागा. येणारा आकडा तुमच्या ग्रुपचा. कुणाचा सव्वा येईल, लहान मुलं बरोबर असतील तर दोनही. पुढच्या ट्रेकच्या गणितात दीडपटीच्या जागी तोच घाला.