रॉडच्या इपॉक्सीत रंग मिसळताय? या चुका टाळा

पावसाळ्यात समुद्र खवळतो, खाडीचं पाणी गढूळ होतं आणि गरवायला जाणाऱ्यांचे हात घरात बसून शिवशिवायला लागतात. मग माळ्यावरचे मासे गरवायचे रॉड खाली उतरतात. एकाची रीळ सीट (रीळ जिथे बसते ती जागा) गरगर फिरते, दुसऱ्याची टिप (शेंड्याची कडी) गेलेली, तिसऱ्याच्या कॉर्कच्या मुठीला खड्डे. दुरुस्ती करतोच आहोत, तर इपॉक्सीत, म्हणजे रेझिन आणि हार्डनर हे दोन भाग मिसळून जमणाऱ्या ग्लूमध्ये, थोडा काळा किंवा लाल रंग घालून सांधाही देखणा करू, असं वाटतंच. त्यात गैर काही नाही. पण पुढे सांधा सुटला की खापर रंगावर फुटतं, आणि बहुतेक वेळा रंग निर्दोष असतो. ग्लूची निवड किंवा मोजमाप त्याआधीच चुकलेलं असतं.

एकच इपॉक्सी सगळीकडे

सीट आणि मूठ बसवायला दाट, पेस्टसारखा आणि सावकाश घट्ट होणारा इपॉक्सी लागतो. गाइड (गळाची दोरी ज्यातून जाते त्या कड्या) रॉडला बांधणाऱ्या दोऱ्यावर चढवायचा फिनिश अगदी वेगळा असतो: पातळ, आपोआप समतल होणारा आणि रॉड वाकला की त्याच्याबरोबर वाकणारा. यांची अदलाबदल केली की दोन्हीकडे फसगत होते. दाट ग्लू दोऱ्यावर पिवळसर गाठी धरतो. पातळ फिनिश सीटखाली ओतला तर तो फटीतून वाहून जातो आणि आत पोकळी राहते. रेझिन आर्टच्या दुकानात मिळणारं साच्यात ओतायचं रेझिनसुद्धा सीटसाठी याच कारणाने नको.

पाच मिनिटांत घट्ट होणारा इपॉक्सी घाईच्या माणसाला भुरळ घालतो. पण रिळाचा पाय गाइडच्या रेषेत आणेपर्यंतच तो आवळायला लागतो, आणि पाण्यात टिकण्याच्या बाबतीत तो सावकाश जमणाऱ्याच्या बरोबरीचा नाही. खाऱ्या पाण्यात जाणाऱ्या रॉडच्या सीटला मी तो लावणार नाही. फेविक्विकचा तर विचारच नको. तो ठिसूळ असतो आणि रुंद फट भरण्यासाठी नसतो.

टिपच्या बाबतीत गणित उलटं. टिप कधी ना कधी बदलावी लागते, म्हणून तिथे गरम केल्यावर सुटणारा ग्लूच हवा. टिप इपॉक्सीने चिकटवली की ती काढायला इतकी उष्णता द्यावी लागते की ब्लँकचं, म्हणजे रॉडच्या मूळ काठीचं, नाजूक टोकच दुखावतं. मात्र हस्तकलेच्या ग्लू गनमधली स्वस्त कांडी उन्हात बंद उभ्या असलेल्या गाडीत मऊ पडू शकते. रॉडच्या टिपसाठी विकली जाणारी कांडी घ्या.

मोजमाप: खरी गोम इथे आहे

‘समसमान घ्या’ असं लिहिलेलं असतं, पण समसमान आकारमानाने की वजनाने? रेझिन जड असतं, हार्डनर हलका. अराल्डाइटच्या एडब्ल्यू १०६ आणि एचव्ही ९५३ या जुन्या जोडीचं प्रमाण आकारमानाने १:१ आहे, पण वजनाने १००:८०. म्हणजे २ ग्रॅम रेझिनला १.६ ग्रॅम हार्डनर. सोनाराच्या छोट्या काट्यावर हौसेने २ आणि २ ग्रॅम मोजलंत, तर हार्डनर पाव हिश्शाने जास्त झाला. असा सांधा वरून सुकलेला दिसतो आणि उन्हात रबरासारखा होतो.

‘लवकर सुकावं’ म्हणून मुद्दाम हार्डनर वाढवणारे भेटतात. इपॉक्सी वाऱ्यावर सुकत नाही. रेझिन आणि हार्डनरचे रेणू ठरलेल्या प्रमाणात एकमेकांना जोडले जातात. जास्तीचा हार्डनर नुसताच मध्ये पडून राहतो. घाई असेल तर उष्णता वाढवा: तापमान १० अंशांनी चढलं की जुळण्याचा वेग साधारण दुप्पट होतो. उलट वेळ हवा असेल तर मिश्रण वाटीत ढीग करून ठेवू नका, स्वतःच्याच उष्णतेने ते भडकतं. ॲल्युमिनियम फॉइलवर पसरून ठेवलंत की बराच वेळ मिळतो.

औषधाच्या दुकानातली सिरिंज मोजायला सोयीची, पण तिच्या रबरी दट्ट्याला बहुधा सिलिकॉन तेल लावलेलं असतं. तेच तेल फिनिशमध्ये उतरलं की दोऱ्यावर गोल खळगे पडतात आणि फिनिश तिथून मागे सरतो. रबर नसलेली, पूर्ण प्लॅस्टिकची सिरिंज वापरा. रेझिनला एक, हार्डनरला दुसरी, आणि दोन्हींवर खुणा करून ठेवा.

आता रंग

आधी स्वतःला विचारा, हा रंग दिसणार कुठे? सीटच्या आतला ग्लू कुणालाच दिसत नाही. दिसते ती कडेची रेघ: मुठीच्या टोकाला, सीटच्या सांध्यात. म्हणून आत बिनरंगी ग्लू भरा आणि कडेसाठी वेगळं, चिमूटभर रंगीत मिश्रण करा. हे एवढं केलंत तरी रंगामुळे येणारी जोखीम जवळपास संपते.

रंग इपॉक्सीसाठी असलेली पेस्ट किंवा कोरडी पूड या रूपात घ्या. ॲक्रिलिक रंगात पाणी असतं, ऑइल पेंटमध्ये जवसाचं तेल असतं. दोन्ही इपॉक्सीशी जुळत नाहीत, आतच राहून त्याला मऊ करतात. अल्कोहोल इंक दिसायला झकास, पण बंद सांध्यातून अल्कोहोल उडून जायला वाट नसते, शिवाय उन्हात ती फिकी पडते. प्रमाण मिश्रणाच्या वजनाच्या २ ते ३ टक्के ठेवा. चार ग्रॅम मिश्रणाला साधारण तांदळाच्या चार-पाच दाण्यांच्या वजनाचा रंग झाला. एवढ्याने काळा रंग गडद होतो. आणखी घातल्याने फक्त ग्लू दाट होतो आणि नीट ओला होऊन पसरत नाही.

क्रमही महत्त्वाचा. मोजून घेतलेल्या रेझिनमध्ये आधी रंग घोटा, गुठळ्या मोडा, मगच हार्डनर घाला. हार्डनर पडल्यानंतर घोटत बसलात तर ग्लूचा अर्धा कामाचा वेळ तिथेच जातो.

पांढऱ्याच्या नादी जपून लागा. हार्डनर बाटलीत जुना होताना पिवळा पडतो. त्याने ताकद कमी होत नाही, पण तुमचा शुभ्र पांढरा सायीच्या रंगाचा निघतो. काळा सर्वांत सोपा: पिवळेपणा झाकतो आणि ऊनही बाहेरच अडवतो. तो काळा मिळवायला ग्राफाइटची पूड मात्र घालू नका, निदान ॲल्युमिनियमच्या सीटखाली तरी नाही. कार्बनचा ब्लँक आणि ॲल्युमिनियम यांच्यामध्ये विजेची वाट मिळाली आणि खारं पाणी शिरलं की ॲल्युमिनियम गंजतं. मधला ग्लूचा थर हीच तिथली आड असते. तिच्यात वीजवाहक पूड कशाला?

अभ्रकाची चमकी दोऱ्यावरच्या पारदर्शक फिनिशमध्ये शोभते. दाट ग्लूत ती वाया जाते.

सांधा सुटला, पण ग्लू चांगला होता

मग ब्लँक बघा. गुळगुळीत, चकचकीत ब्लँकवर कुठलाच ग्लू धरत नाही. मुठीखाली जाईल तेवढाच भाग २२० नंबरच्या सॅंडपेपरने फक्त चमक जाईपर्यंत घासा, कार्बनचे धागे उघडे पाडू नका. मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. पेट्रोल नको.

दुसरा संशयित मास्किंग टेप. सीट सैल होते म्हणून तिच्या पूर्ण लांबीभर टेप गुंडाळला, तर सीटचा भार कागदावर येतो, आणि कागद पाणी पितो. टेपचे अरुंद पट्टे मध्ये मोकळी जागा सोडून घ्या, ती जागा ग्लूने गच्च भरा आणि पट्ट्यांच्या कडाही ग्लूखाली झाका. त्यापेक्षा फोमच्या बुश (सीट आणि ब्लँकमधली फट भरणारी कडी) चांगल्या.

मधोमध तुटलेला रॉड नुसता टोकाला टोक लावून चिकटवणं मात्र कुठल्याच इपॉक्सीला झेपत नाही. आतून जुन्या रॉडचा तुकडा बसवून वरून दोरा गुंडाळावाच लागतो.

चिकट, तेलकट, दाणेदार

दमट हवेत जमलेल्या इपॉक्सीवर कधीकधी तेलकट पापुद्रा येतो. कोकणातल्या जुलै महिन्यात तर हे ठरलेलंच. ग्लू बिघडलाय असं समजून खरडू नका. कोमट पाणी आणि साबणाने तो निघतो. आधी धुवा, मग घासा, नाहीतर पेपर तोच थर पसरवत बसेल. फिनिशमधले बुडबुडे काढायला वर फुंकर मारणारे श्वासातला ओलावा आणखी भरतात. त्यापेक्षा स्पिरिटच्या दिव्याची आच लांबून एकदा फिरवा.

थंडीत रेझिन बाटलीत पांढरं, दाणेदार झालं तर फेकू नका. बाटली ५० ते ६० अंशांच्या पाण्यात उभी ठेवा, पुन्हा स्वच्छ होतं. हातात नायट्राइलचे मोजे घाला, एकदा त्वचेला इपॉक्सीची ॲलर्जी जडली की ती सहसा सोडत नाही.

उरलेल्या मिश्रणाचा एक थेंब बाटलीच्या झाकणावर ठेवून द्या आणि दुसऱ्या दिवशी नख लावा. नख रुतलं तर सीटच्या आतलाही ग्लू कच्चाच आहे, रीळ लावू नका. थेंब कडक लागला तरी थोडा धीर धरा, कारण जाड थेंब स्वतःच्या उष्णतेने लवकर जमतो आणि सीटखालचा पातळ थर मागे राहतो. मोठ्या माशाचा ताण द्यायला साधारण सात दिवस जाऊ द्या.