पाइपची दांडी आणि स्टेम यांच्यातली फट कशी गेली

तंबाखू ओढायच्या लाकडी पाइपचा स्टेम, म्हणजे तोंडात धरायचा भाग, दांडीत पूर्ण आत बसतो, तरी उजेडासमोर धरलं की सांध्यात केसाएवढी फट दिसते. दांडीचं तोंड काचेवर पॉलिशपेपर ठेवून हाताने घासलं. कडा गोल झाल्या, फट वाढली. वैताग नुसता!

फट सगळीकडून सारखी असेल तर टेनन (स्टेमचं दांडीच्या भोकात शिरणारं टोक) भोकाच्या तळाला टेकतोय, किंवा त्याच्या मुळाशी राहिलेली गोलाई भोकाच्या धारेवर अडतेय. आधी टेनन भोकाच्या खोलीपेक्षा अर्धा मिलिमीटर आखूड करा. फार आखूड नको, त्या पोकळीत ओल साचून पाइप गुरगुरतो. मग काउंटरसिंक (शंकूसारखं कापणारं पातं) हातानेच फिरवून भोकाच्या तोंडाला जेमतेम एक मिलिमीटर उतार द्या. ड्रिलला लावलात तर ब्रायरचा, म्हणजे पाइपच्या लाकडाचा, टवका उडतो.

एकाच बाजूला फट म्हणजे तोंड तिरकं. तिथे भोकात बसणारी पायलट पिन असलेला फेसिंग कटरच (तोंड काटकोनात सपाट करणारं हत्यार) हवा. बाहेरून घासायचं ते स्टेम जोडूनच, २२० नंतर ४०० नंबरच्या पॉलिशपेपरने.