नवीन शिपायांनो, हत्यार ताब्यात घेताना आणि देताना हे पक्कं करा

ठाणे असो की नवी मुंबई, पोलिसात नवीन लागलेल्या पोरापोरींना पहिली सशस्त्र ड्युटी आली की सगळ्यांना एकच काळजी, नेम लागेल का. नेम नंतर बघू. गोळी चुकून सुटते ती जास्त करून हत्यार देता-घेताना, खाली करताना, साफ करताना, गाडीत चढता-उतरताना, म्हणजे जिथे कोणाला फायर करायचंच नसतं तिथे. आणि त्याच्या जरा आधी कोणीतरी ‘खाली आहे रे’, म्हणजे आत गोळी नाही, असं म्हणालेलं असतं.

म्हणून पहिली सवय ही लावा की ‘खाली आहे’ हे ऐकून मान्यच करायचं नाही, सांगणारा हवालदार असो नाहीतर साहेब. ‘साहेब, एकदा चेक करून घेतो’ एवढं बोलायला लाजायचं नाही, चांगला अधिकारी उलट खूश होतो. दोन मिनिटांपूर्वी तुम्हीच चेक करून टेबलावर ठेवलं असेल आणि मधे पाणी प्यायला गेला असाल तरी परत चेक.

आता चेक कसं करायचं. सगळ्यात आधी मझल, म्हणजे नळीचं तोंड, कुठे आहे ते बघा. शस्त्रागाराबाहेर वाळूची पेटी किंवा पोती ठेवलेली असतात ती ह्याचसाठी, तिकडेच तोंड. भिंतीकडे केलं म्हणजे सेफ झालं असं नाही, पलीकडे मुद्देमाल रूम असेल, ठाणे अंमलदार बसलेला असेल, वरच्या मजल्यावर क्वार्टर असतील. खाली फरशीकडे पण नाही, कारण गोळी कडक फरशीवरून उसळते आणि कुठे जाईल ते सांगता येत नाही. ९ एमएमची गोळी मोकळ्यात दीड किलोमीटरच्या पुढे जाऊ शकते, आणि आपल्याकडे एवढं मोकळं आहे कुठे.

बोट ट्रिगरपासून लांब, हत्याराच्या बॉडीवर सरळ ताणलेलं. नुसतं ट्रिगरभोवतीच्या कड्याच्या (ट्रिगर गार्डच्या) बाहेर लोंबकळत ठेवू नका, कारण पाय घसरला, कोणी मागून धक्का दिला किंवा दुसऱ्या हाताने काही जोरात आवळलं की हा हात पण आपोआप आवळला जातो, ते आपल्या हातात नसतं. एका हातात पिस्तूल आणि दुसऱ्या हाताने आरोपीचा दंड धरलाय असं झालं तर हे नक्की लक्षात ठेवा.

मग मॅगझिन, म्हणजे राऊंड भरलेली पेटी, काढा. आधी मॅगझिन, मग स्लाइड (पिस्तुलाचा मागे-पुढे सरकणारा वरचा भाग), हा क्रम कधीच उलटा करू नका. का ते नीट समजून घ्या, पाठ करू नका. समजा मॅगझिन आत असताना तुम्ही स्लाइड मागे ओढली, चेंबरमधला, म्हणजे नळीच्या मागच्या खोबणीतला, राऊंड बाहेर पडला, तुम्हाला बरं वाटलं, पण स्लाइड पुढे जाताना तिने मॅगझिनमधला पुढचा राऊंड चेंबरमध्ये ढकलला, आणि आता तुम्ही मॅगझिन काढून खिशात टाकताय. हातात मॅगझिन नसलेलं पण पूर्ण भरलेलं पिस्तूल आहे आणि तुमच्या डोक्यात ते खाली झालंय. म्हणून मॅगझिन काढा, स्लाइड दोन-तीनदा पूर्ण मागे ओढा, मागे लॉक करा, चेंबरमध्ये डोळ्याने बघा आणि करंगळी घालून चाचपा. रात्रपाळीला अंधारात डोळा फसतो, बोट फसत नाही. बाहेर पडलेला राऊंड हवेत झेलायच्या भानगडीत पडू नका, पडू दे, नंतर उचला आणि मोजा. देताना पण स्लाइड मागे लॉक करूनच समोरच्याच्या हातात द्या आणि तो स्वतः बघेपर्यंत सोडू नका.

हत्यार बदललं की सवय पण बदलते, आणि इथे जुने लोक पण फसतात. आपल्या ९ एमएम ऑटो पिस्तूलमध्ये, तेच १३ राऊंडचं, मॅगझिन काढलं की ट्रिगर चालत नाही, तशी रचनाच आहे. ग्लॉकमध्ये तसं नाही, मॅगझिन बाहेर असलं तरी चेंबरमधली गोळी सुटते, अंगठ्याने लावायची वेगळी सेफ्टी नसते आणि साफ करायला उघडायच्या आधी ट्रिगर दाबावाच लागतो. आता विचार करा, वर्षानुवर्षं ऑटो वापरलेल्या माणसाला पहिल्यांदा ग्लॉक मिळालं तर काय होऊ शकतं. रिव्हॉल्व्हर असेल तर सिलिंडर उघडून सहाच्या सहा घरं बघायची, वरवर नाही.

जुनी ९ एमएम कार्बाइन जिथे अजून आहे तिथे तर जास्तच जपा. ती ओपन बोल्टवर चालते, म्हणजे फायर करताना बोल्ट (आतला सरकणारा लोखंडी ठोकळा) मागून पुढे येतो, राऊंड उचलतो आणि तसाच पेटवतो. अशा हत्याराचा बोल्ट पुढे आहे, मॅगझिन लावलंय, सेफ्टी लावलेली नाही आणि ते दस्त्यावर जोरात आपटलं, तर झटक्याने बोल्ट थोडा मागे जाऊन परत पुढे येऊ शकतो आणि ट्रिगरला कोणी हात न लावता गोळी सुटू शकते. घोडबंदर रोडच्या खड्ड्यांतून जीप जात असताना कार्बाइन मांडीला टेकवून उभी ठेवणं म्हणूनच चुकीचं. सेफ्टी लावून, हातात घट्ट, तोंड कोणाकडेही नाही, आणि मॅगझिन कधी लावायचं ते गार्ड कमांडरच्या हुकुमाप्रमाणे.

एसएलआर, इन्सास या रायफलींना क्रम तोच, आधी मॅगझिन, मग कॉकिंग हँडल (मागे ओढायचा दांडा), मग डोळा आणि बोट.

ठाण्याची दहीहंडी किंवा विसर्जनाचा बंदोबस्त लागला तर धोका वेगळा, गर्दीत कोणीतरी हत्याराला हात घालण्याचा. होल्स्टरचं बटण लावलेलंच पाहिजे, लॅनयार्ड, म्हणजे पिस्तूल अंगाला बांधायची दोरी, अडकवलेली पाहिजे, आणि ज्या बाजूला पिस्तूल आहे ती बाजू लोकांपासून लांब ठेवून उभं राहायचं. कोपर त्याच्यावर हलकं टेकलेलं असू दे. तळोजा जेलला किंवा कोर्टात एस्कॉर्ट नेताना ज्याने आरोपीला धरलंय त्याच्या कमरेला हत्यार नसलेलं बरं, असं माझं स्पष्ट मत आहे, हत्यारवाला दोन पावलं मागे.

रेंजवर ट्रिगर दाबला आणि गोळी सुटली नाही तर लगेच उघडून बघू नका, राऊंड उशिरा पेटू शकतो. तोंड टार्गेटकडेच ठेवून निदान ३० सेकंद थांबा, हात वर करून उस्तादांना (फायरिंग शिकवणाऱ्यांना) बोलवा. आणि आवाज नेहमीपेक्षा फुसका आला तर पुढची गोळी अजिबात झाडायची नाही, आधीची नळीत अडकलेली असू शकते, वरून दुसरी झाडली तर नळी फुटते. कानात प्लग घालाच, फायरचा आवाज १४० डेसिबलच्या वर जातो आणि एकदा गेलेला कान परत येत नाही. फायरिंग झालं की हात धुतल्याशिवाय वडापाव खायचा नाही, शिसं असतं हाताला.

एक गोष्ट कोणी शिकवत नाही म्हणून लिहितोय. सोबतचा माणूस गप्प गप्प राहायला लागला, रजेवरून किंवा घरच्या भांडणावरून फार खचलेला वाटला, तर त्याच्याशी बोला आणि वरिष्ठांना सांगून त्याला काही दिवस बिनहत्यारी ड्युटी मिळवून द्या. ही चुगली नाही. आणि ड्युटी संपली की हत्यार शस्त्रागारात जमा, पोलीस लाइनीतल्या घरी कपाटात नाही, जिथे लेकरं आहेत तिथे तर नाहीच.

राहिली सफाई. आपल्याकडे खाडीची खारट हवा आणि वर चार महिने पाऊस, एक रात्र ओलं राहिलं तरी गंज धरतो. भिजून आलात तर त्याच दिवशी खाली करून, परत चेक करून, राऊंड दुसऱ्या टेबलावर ठेवून मगच उघडा. नळीतून पुलथ्रू (सफाईची दोरी) आणि चिंदी ओढा, कोरडी झाली की तेलाचा पातळ हात. फायर करायच्या आधी नळीतलं तेल पुसून घ्यायचं. राऊंडला मात्र तेल लावू नका, ते प्रायमरमध्ये, म्हणजे राऊंडच्या बुडाच्या पेटवणाऱ्या टोपीत, झिरपलं तर ऐन वेळी राऊंड पेटत नाही. फक्त कोरड्या फडक्याने पुसायचे, हिरवट पडलेले किंवा दबलेले असतील ते बाजूला काढून आर्मोररला (हत्यारं दुरुस्त करणाऱ्याला) दाखवायचे आणि रजिस्टरला तशी नोंद करून सही घ्यायची.